पाठपुरावा कसा करावा : सावदा विभागासाठी सूचना

ठिबक, ऊतिसंवर्धित रोपं किंवा विद्राव्य खत विकायला सावद्यात नेमणूक झालेल्या नव्या प्रतिनिधीनं या सूचना पाठ कराव्यात. पुण्याच्या प्रशिक्षणात मिळालेली वही जवळ असू द्यावी. पावसात भिजलेल्या सीटवर टाकायला कामी येते.

ग्राहकाला सकाळी अकराला फोन करून ‘सर, आपला अनुभव कसा होता?’ असं विचारू नये. अकराला तो बागेत असतो आणि सर म्हणजे त्याच्या लेखी शाळेतले. वयानं मोठा असेल तर आबा, नाना, अण्णा. बरोबरीचा असेल तर भाऊ. वहीत ‘चौधरी, चिनावल’ एवढंच टिपलं असेल तर चिनावलात जाऊन चौधरींचं घर विचारून पाहावं. लोक तुम्हालाच विचारतील, कोणते चौधरी? म्हणून विहीर कुठे, मुलगी कुठे दिली, बाग मृगाची की कांदेबाग, हे सगळं टिपावं. मोबाइल नंबर शेवटी. तो बदलतो, विहीर बदलत नाही.

तारखा कंपनीच्या नव्हे, केळीच्या पाळाव्यात. मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबरच्या सुमारास, आणि ग्रँड नैनचं ऊतिसंवर्धित रोप कापणीला यायला अकरा-बारा महिने घेतं. तुमचं टार्गेट महिनाअखेरीस संपतं, हे रोपाला कुणी कळवलेलं नसतं. लागवडीच्या आठवड्यात जावं. निसवणीला तर जावंच. घड बाहेर पडला की फण्या मोठ्यानं मोजाव्यात आणि चुकूनही एक कमी मोजू नये. कोवळ्या बागेत सीएमव्ही हा विषाणूरोग आला तर शेतकरी पिवळ्या पट्ट्यांचं पान तोडून आणतो आणि दुकानाच्या काउंटरवर आपटतो. प्रशिक्षणात याला ‘ग्राहकाचा अभिप्राय’ म्हणतात. अशा वेळी नव्या औषधाचं पत्रक काढू नये. रोगट रोपं उपटून नष्ट करावी लागतात, एवढं खरं सांगावं आणि उपटायला दोन तास थांबावं.

मे-जूनच्या वादळानं घडांनी लगडलेली बाग आडवी झाली, तर दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तक घरी ठेवून जावं. फोटो काढू नयेत. तलाठी, कृषी सहायक आणि दोन पक्षांचे पुढारी ते काढून गेलेले असतात.

या भागाला विक्रेत्यांची सवय आहे, हे विसरू नये. भवरलाल जैनांनी १९६३ साली जळगावात रॉकेल विकण्यापासून धंदा सुरू केला. पुढे नव्वदच्या दशकात त्यांच्याच कंपनीनं ऊतिसंवर्धित केळी इथल्या बांधाबांधावर नेली. तुमची चार वाक्यं इथल्या आबांनी तुमच्या जन्माआधी ऐकली आहेत. त्यामुळे तुम्ही ऐकावं. काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन १९३६ मध्ये शेजारच्या फैजपूरला झालं. त्यात आपले वडील स्वयंसेवक होते, असं प्रत्येक ओसरीवर सांगतात. तितके स्वयंसेवक खरोखर असते तर अधिवेशनाच्या प्रतिनिधींना बसायला जागा उरली नसती. हे मनात म्हणावं.

हिवाळ्यात मळ्यातल्या भरिताचं बोलावणं आलं तर समजावं की नेमणूक आता पक्की झाली. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजत असताना खताचं नाव काढणारा माणूस पुढच्या वर्षी बोलावला जात नाही. तिसऱ्या पुरीनंतर नाना स्वतःच विचारतात, ‘काय हो, त्या पोत्याचा भाव काय म्हणाले होते?’ तेव्हाही आधी वांग्याची चौकशी करावी.

आता उधारी. हा शब्द उच्चारू नये. ‘कापणी झाली की देतो ना भाऊ’ या वाक्यात खोटं काही नसतं, कापणी होतेच. रावेरचा आणि बऱ्हाणपूरचा त्या दिवसाचा भाव पाठ करून जावं आणि ‘भाव काय निघाला?’ एवढंच विचारावं. उत्तर येईल की माल कापून नेला, पण व्यापारी आता फोन उचलत नाही. म्हणजे ज्याचा पाठपुरावा करायला तुम्ही आलात, तो स्वतःच दुसऱ्याच्या पाठपुराव्यावर आहे. त्याला गाडीवर मागे बसवावं आणि दोघांनी बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरच्या त्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात जावं. तिथे आणखी चार शेतकरी आणि बहुधा तुमच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा प्रतिनिधी बसलेला असेल. नमस्कार करावा.

व्यापारी तेव्हा दिल्लीशी बोलत असतो. तिथल्या आझादपूर मंडीतून पैसे सुटलेले नसतात. ‘हां भाईसाब, कैसे हो? घर पे सब ठीक? बिटिया का रिझल्ट आया?’ पैशाचं नाव पाच मिनिटं निघत नाही, मग ओझरतं निघतं, मग पुन्हा बिटियाकडे गाडी वळते. हे संभाषण पूर्ण ऐकावं; प्रशिक्षणाच्या वहीत इतकं चांगलं काही नाही. दरम्यान सगळ्यांसाठी चहा सांगितला जातो. तो घ्यावा. त्याचे पैसे कुणाकडून मागायचे, तो पाठपुरावा टपरीवाल्याचा.