डाव्या कौलाची सोय

आमच्या वाडीला भविष्य आहे, हे आम्हाला ग्रामपंचायतीच्या फळ्यावरून कळलं. तोवर आमच्याकडे फक्त सातबारा होता आणि त्यावर सदतीस नावं होती. फळ्यावर डकवलेल्या कागदाचा मथळा होता, ‘किनारी वस्तीचा भविष्यवेधी लोकसहभागी आराखडा’. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो दोनदा वाचला आणि विचारलं, “वेध लागले म्हणतत? मगे गिराण कधी?”

वेध लागले की शिजलेलं खायचं नसतं, एवढं तात्यांना ठाऊक. काकीने खबरदारी म्हणून आमटीत तुळशीचं पान टाकून ठेवलं.

सभा नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी अकराला. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना बंदी असते आणि निम्मी वाडी खळ्यात बसून जाळी सांधत असते. तेव्हा कुणी भविष्य विचारायला येत नाही, कारण पाऊस असतो आणि रस्ता नसतो. नोव्हेंबरात रस्ता असतो, पण माणसं पुळणीवर रापणीचा दोर धरून उभी असतात. त्यामुळे सभेला मिळाले ते असे : कंबर गेल्यामुळे दोर सोडलेले तात्या, काकी, सरपंचबाई, निवृत्त गणित शिक्षक म्हणजे मी, देवळाकडची दोन कुत्री, आणि आपली जमीन विकून मोकळे झालेले चार-पाच जण. या शेवटच्यांनी पुढे ‘आपली माती’ हे शब्द सर्वांत जास्त वेळा उच्चारले.

माणसं कमी म्हणून सरपंचबाई ओशाळल्या. त्यांना मीच धीर दिला, कारण कायदा दयाळू आहे. साध्या ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा लहान असेल तेवढी लागतात. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीत तर तहकुबीचाही त्रास नाही. सुनावणी सुरू करायला गणपूर्ती लागत नाही, असं २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे एकही जण आला नाही तरी जनतेचं म्हणणं ऐकून घेता येतं. उलट त्या परिस्थितीत ते अधिक नीट ऐकू येत असावं.

तीन गाड्या आल्या. त्यातून एक सल्लागारसाहेब, एक मॅडम, एक प्रोजेक्टर आणि रंगीत चिकट चिठ्ठ्यांचे गठ्ठे उतरले. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. तात्यांनी देवळासमोर नारळ ठेवला, पदर नव्हता म्हणून टॉवेल खांद्यावर घेतला, आणि ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात केली. दर वाक्याला आम्ही सगळे “व्हय म्हाराजा!” म्हणत गेलो. पाहुण्यांना मालवणी कळत नव्हती, पण ते हात जोडून उभे राहिले. मॅडमनी मोबाइलवर चित्रीकरण केलं. त्या इतक्या भारावल्या की पुढच्या कामाला उशीर झाला.

मग मॅडम म्हणाल्या, “चला, आता आपण आधी बर्फ फोडूया.”

काकीने चारी बाजूंना पाहिलं. “बरफ फोडूक हरकत नाय, पण मासे खय आसत?”

बर्फ तसाच राहिला आणि पडद्यावर वाडीचा नकाशा आला. आमची वाडी मी पहिल्यांदाच वरून पाहिली. वरून ती सुंदर दिसते, कारण गटार दिसत नाही. नकाशाचं प्रमाण एकास पंचवीस हजार. गणिताच्या मास्तराला असं प्रमाण दिसलं की राहवत नाही. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. तात्यांचं घर मांगरासकट अर्धा मिलिमीटर भरतं. साहेबांनी भरतीरेषा दाखवायला पेन्सिल टेकवली. पेन्सिल जरा बोथट होती, तिची रेघ अर्ध्या मिलिमीटरची, त्यामुळे तात्या साडेबारा मीटर समुद्रात गेले. एरवी हे काम उधाणाला दहा-पंधरा वर्षं पुरतं.

“आणि ही पांढरी जागा,” साहेबांनी लेझरचा लाल ठिपका फिरवला, “ही रिकामी आहे. इथे भरपूर वाव आहे.”

ती पांढरी जागा म्हणजे आमची पुळण. तिथे होड्या ओढून ठेवतात, जाळी पसरतात, सुकत घालतात, पोरं क्रिकेट खेळतात आणि शिमग्याला अख्खी वाडी जमते. पण यातलं काहीही उपग्रह वरून जाताना जमिनीला खिळलेलं नव्हतं. खरं तर २०१९ ची किनारपट्टीची अधिसूचना सांगते की मच्छीमार वस्त्या, होड्या लावायच्या नि मासे सुकवायच्या जागा, वस्तीची पुढची घरांची गरज, हे सगळं किनाऱ्याच्या आराखड्यात दिसायला हवं. मी हे सांगितल्यावर साहेबांनी ते आनंदाने मान्य केलं आणि ‘पुढील टप्प्यात’ असं लिहून घेतलं. पुढचा टप्पा नकाशावर कुठे आहे, ते लाल ठिपक्याला सापडलं नाही.

त्याच अधिसूचनेत एक आकडा आहे, तो मला फार आवडतो : २१६१. ग्रामीण किनाऱ्यावर एका चौरस किलोमीटरमध्ये यापेक्षा जास्त माणसं राहत असतील, तर भरतीरेषेपासून ५० मीटर बांधकाम नको. कमी असतील तर २०० मीटर. मोजणी २०११ च्या खानेसुमारीची. ती खानेसुमारी झाली फेब्रुवारीत, म्हणजे चाकरमानी मुंबईत असताना. गणपतीत झाली असती तर एकेका पडवीत चौदा-चौदा माणसं झोपलेली सापडली असती आणि आम्ही सरळ ५० मीटरवाल्यांत गेलो असतो. आमच्या दाराशी दीडशे मीटर इकडे की तिकडे, हे खाजगी बसगाड्यांच्या वेळापत्रकावर ठरलं, ही गोष्ट पुढे इतिहासकारांना पटणार नाही.

आता चिठ्ठ्या. हिरव्या चिठ्ठीवर स्वप्न लिहायचं, गुलाबीवर चिंता. पाच मिनिटांत गुलाबी संपल्या. विहिरींना खारट पाणी येतं. उधाणाला माड पडतात. स्मशानाचा रस्ता चिखलाचा आहे. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो आणि त्या दिवशी कुणी आजारी नसतं. गुलाबी संपल्यावर लोकांनी चिंता हिरव्यावर लिहिल्या. मॅडमनी त्या स्वप्नांत मोजल्या.

मग चिठ्ठ्यांचे गट पाडले. खाऱ्या विहिरी ‘जल-संकल्पने’त गेल्या. स्मशानाचा रस्ता ‘वारसा फेरी’त. सुकत घालायची जागा ‘खाद्य चौका’त. रापण ‘अनुभवात्मक पर्यटना’त, म्हणजे पाहुण्यांनी पैसे भरून दोर ओढायचा. यावर तात्या पहिल्यांदा सावरून बसले. “वढूक पर्यटक, ह्या बरा झाला. पण वाटो कोणाक?” रापणीत दोराला हात लावणाऱ्याचा वाटा ठरलेला असतो, हे साहेबांना नवीन होतं. त्यांनी गुलाबी चिठ्ठी मागितली. ती नव्हती.

आम्हाला अशा कामांचा अनुभव नाही असं समजू नका. १९८७ साली मालवणच्या समुद्रात २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. मासे वाचवायचे हे ठरलं, मासे पकडणाऱ्यांना विचारायचं मात्र राहून गेलं. ते अजून आठवण करून देत असतात. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. झाला म्हणजे जाहीर झाला. मग ‘आमचं गाव, आमचा विकास’ आला. त्याच्या नावात ‘आमचा’ दोनदा असल्यामुळे गावात दोन गट पडले. म्हणजे भविष्य आमच्याकडे दर दहाएक वर्षांनी येतं, चहा पितं आणि जातं.

आमचे दोष मी लपवणार नाही. रस्ता रुंद करायला जागा कोण देणार, असं विचारताच प्रत्येकाने उदार मनाने आपल्या चुलतभावाचं कुंपण दाखवलं. एका कवाथ्यावरून चाळीस मिनिटं गेली. माड लावून दोन वर्षं झाली होती, भांडण त्याच्या आजोबापासूनचं होतं. मध्येच डोंबिवलीहून एका चाकरमान्याने मोबाइलवर तोंड दाखवलं आणि ‘गावाचं गावपण जपा, डांबर नको, सिमेंट नको’ असं कळवळून सांगितलं. हाच गृहस्थ गणपतीत गाडी लावायला जागा नाही म्हणून सरपंचबाईंवर ओरडला होता. सहभाग म्हणतात तो हाच. तो रंगीत चिठ्ठीवर मावत नाही, त्याला दोन-तीन पावसाळे लागतात.

साहेबांकडे दोन-तीन पावसाळे नव्हते, चारची गाडी होती. तरी त्यांनी जाता जाता आमच्या संस्कृतीची चौकशी केली. मी त्यांना जवळच्या आचऱ्याच्या गावपळणीबद्दल सांगितलं : काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव, गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो.

साहेबांचे डोळे चमकले. “म्हणजे संपूर्ण स्थलांतराचा पूर्वानुभव आहे तर!”

“परत येवचो पण आसा,” तात्या म्हणाले. ते लिहून घेतलं गेलं नाही.

शेवटी फॉर्म वाटले. प्रश्न एकच होता : प्रस्तावित आराखड्याबाबत आपलं मत काय? उत्तरं तीन : सहमत, पूर्ण सहमत, सूचनांसह सहमत. काकीने पेन हातात घेऊन बराच वेळ घालवला आणि मग मॅडमना कौल कसा लावतात ते समजावलं. देवाच्या मूर्तीला कळे चिकटवायचे. प्रश्न विचारायचा. उजवीकडचा पडला तर होय, डावीकडचा पडला तर नाही. डावा पडला तर लग्न थांबतं, घराचा पाया थांबतो, आचऱ्याची गावपळणसुद्धा थांबते. मग कुणी देवाला ‘सूचनांसह उजवा’ असं लिहून मागत नाही.

मॅडमना हे मनापासून नवलाचं वाटलं. “म्हणजे देव नाहीसुद्धा म्हणू शकतो?”

“नायतर तेका इचारूचा कित्याक?” काकी म्हणाली.

मॅडम गप्प झाल्या. वयाने लहान होत्या, चांगल्या होत्या. मला वाटतं त्यांनी हा प्रश्न गाडीत बसल्यावरही मनात ठेवला असेल. पण फॉर्म आधीच छापलेले होते. काकीने तिन्ही चौकोन सोडले आणि कागदाच्या डाव्या समासात एक फुली मारली. ती फुली पुढे ‘शाईचा डाग’ या सदरात जमा झाली.

महिन्याभराने इतिवृत्त फळ्यावर लागलं. भाषा शुद्ध होती. ‘स्थानिक परंपरेनुसार सभेचा शुभारंभ झाला. उपस्थित ग्रामस्थांनी अकरा वेळा, एकमताने व मोठ्या आवाजात होकार दिला. चित्रफीत सोबत जोडली आहे.’

मी अकरा होकार आठवून पाहिले. चौथा होता तो, “जो कोण आमच्या पुळणीवर वाकडो डोळो ठेवीत, तेचो डोळो सरळ कर रे म्हाराजा.” सातवा, “जी काय इडापीडा गाडयेत बसान इली आसात, ती तशीच गाडयेत बसान व्हाळापलीकडे जांव दे रे म्हाराजा.” या सातव्याला आम्ही सर्वांत जोरात ओरडलो होतो, हे चित्रफितीत दिसतं. आम्ही म्हाराजा म्हणत होतो ते देवाला. पाहुण्यांना वाटलं, आपल्यालाच.

हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत होती. वाडीतर्फे एकच हरकत गेली, अक्षर माझं, मजकूर तात्यांचा : ‘इतिवृत्तात नोंदवलेले अकरा होकार ग्रामदेवतेच्या नावे होते. ते चुकून आपल्या खाती जमा झाले आहेत. कृपया योग्य खाती वळते करून घ्यावेत.’ खाली पुळणीवरून परतलेल्या शंभरएक माणसांच्या सह्या आणि अंगठे आहेत. सातबाऱ्यावरच्या सदतीस जणांनी एकाच कागदावर सही करण्याची ही पहिलीच वेळ.

कारकुनाने हरकत उलटसुलट पाहिली आणि आवकचा शिक्का मारला. तो कागदाच्या मधोमध पडला आहे. तात्या रोज तो बाहेर काढून बघतात. डावा की उजवा, ते अजून ठरत नाही.