कुस्ती तेवढी उरकून घ्या

विधानसभेचं तिकीट हुकलं, कारखान्याच्या संचालक मंडळात डाळ शिजली नाही, शिक्षणसंस्था काढायला उशीर झाला, म्हणून कुणा होतकरू माणसानं हातपाय गाळू नयेत. त्यानं कुस्तीचं मैदान घ्यावं. भांडवल फार लागत नाही. चार देणगीदार, एक मोकळं रान, लाल माती आणि एक वाढदिवस पुरतो. वाढदिवस स्वतःचाच हवा असंही नाही. साहेबांचा असेल तर देणगीदार आपणहून फोन करतात.

पहिलं काम पत्रकाचं. पत्रकावर सगळ्यात वर ग्रामदैवत, त्याखाली शिवाजी महाराज, त्याखाली साहेब. मग दादा, भाऊ, आप्पा, युवा नेते आणि युवा नेत्यांचे युवा नेते. उजव्या कडेला शुभेच्छुकांची चळत. एवढं होऊन खाली चार बोटं जागा उरली, तर तिथं पैलवान छापावेत. एक नंबरच्या जोडीला हरियाणाचा किंवा पंजाबचा मल्ल आणावा. इराणचा मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द मग फुकटात पडतो. इनामाचा आकडा सगळ्यात ठळक. पत्रकावरचा आकडा आणि पाकिटातला आकडा यांची भेट व्हायलाच हवी, असा काही कायदा नाही.

या धंद्यातलं ज्यांना काही कळलं नाही, असे एक गृहस्थ कोल्हापुरात होऊन गेले. राजर्षी शाहू महाराज. त्यांनी खासबाग मैदान बांधलं, ते १९१२ साली पुरं झालं. मधोमध हौदा आणि भोवती उतरती बैठक, कशासाठी तर शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही पैलवानाचा पट काढलेला दिसावा म्हणून! आयोजक कुठं बसणार, त्याचा फोटो कोण काढणार, याचा विचारच नाही. आपण ती चूक सुधारली आहे. आता व्यासपीठ हौद्यापेक्षा दीड पुरुष उंच असतं. प्रेक्षकाला कुस्ती दिसो न दिसो, पैलवानाला साहेब दिसले पाहिजेत.

दुपारी तीनला मैदान सुरू होतं, म्हणजे पोरांच्या कुस्त्या लागतात. कान अजून न सुजलेली, आजोबांचं बोट धरून आलेली ही पोरं जीव तोडून लढतात, चितपट करतात, शे-दोनशे रुपये मुठीत घेऊन पळतात. दिवसभरातल्या खऱ्या कुस्त्या याच. पण तेव्हा व्यासपीठावर सतरंजी अंथरणाऱ्याखेरीज कुणी नसतं. पाचला गाड्या येतात आणि हलगी थांबते. मग फेटे. एकेका फेट्याला निवेदक तीन-तीन विशेषणं लावतो. हौद्यात दोन पैलवान हातावर माती घेऊन उभे, अंगावरचा घाम वाळलेला, आणि कर्ण्यातून आवाज, "पैलवान, जरा थांबा, बाजार समितीचे माजी उपसभापती राहिलेत." रात्री साडेनऊला एक नंबरची जोड लागते. कर्णा दहाला बंद करायचा आणि साहेबांना पुढं एक लग्न. तेव्हा निवेदकाला चिठ्ठी जाते: कुस्ती तेवढी उरकून घ्या. कुस्ती बरोबरीत सुटते. दोघांचाही हात वर करता येतो आणि फोटोत दोघांच्या मधली जागा आपोआप आयोजकाला मिळते.

गावच्या मैदानावर हात बसला की मोठा घास घ्यावा. महाराष्ट्र केसरी. हा किताब १९६१ पासूनचा. साताऱ्यात २०२२ साली केसरी झालेल्या कोल्हापूरच्या पैलवानानं सांगितलं, की गदा मिळाली, रोख बक्षीस मात्र नाही. मग नेत्यांनी बाहेरून रकमा जाहीर केल्या. पुढच्याच जानेवारीत पुण्यात विजेत्याला थार गाडी मिळाली. मुख्य आयोजक दीडेक वर्षानं खासदार झाले आणि लगोलग केंद्रात राज्यमंत्री. थार जिंकायला सगळ्या फेऱ्या लढाव्या लागतात. दिल्लीला जायचं तर मैदान भरवलं तरी भागतं.

हे गणित एकदा कळल्यावर एका केसरीवर कसं भागणार? कुस्ती संघटनेत दोन गट होतेच. २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावला एक महाराष्ट्र केसरी झाला, त्याच महिन्यात धाराशिवला दुसरा. २०२५ मध्ये तर एकाच जिल्ह्यानं दोन दिले: फेब्रुवारीत अहिल्यानगर शहरात एक, मार्चमध्ये कर्जतला एक. पहिल्याचे यजमान एका राष्ट्रवादीचे आमदार, दुसऱ्याचे दुसऱ्या राष्ट्रवादीचे. पक्ष फुटला की घड्याळ कुणाचं यावरून कोर्टात जावं लागतं. केसरीचं तसं नाही, दुसरी गदा घडवली की झालं.

अहिल्यानगरच्या मैदानात उपांत्य कुस्तीच्या निकालावरून एका मल्लाची पंचाला लाथ बसली आणि अंतिम कुस्ती दुसऱ्या एका मल्लानं अर्ध्यावर सोडली. दोघांवरही तीन वर्षांची बंदी आली. त्या दोन दिवसांत महाराष्ट्रभर जेवढी चर्चा झाली, तेवढी कितीही फ्लेक्स लावून झाली नसती. आयोजकावर बंदी घालायची तरतूद मात्र अजून कुणाला सुचलेली नाही.

तेव्हा होतकरूंनी घाई करावी. राज्यात जिल्हे ३६ आहेत. नगरचा दर धरला तर वर्षाला ७२ केसरी आणि ७२ चांदीच्या गदा. चांदीचा भाव बघता सराफाकडं आजच इसार देऊन ठेवलेला बरा. पैलवान काय, मागाहून बघता येतील.