‘इतर’ची फांदी

शाळेतल्या मुलांना हल्ली शब्दांची झाडे काढायला लावतात. कागदाच्या वरच्या बाजूला मधोमध विषय लिहायचा, त्याखाली तीन-चार फांद्या काढायच्या आणि प्रत्येक फांदीखाली शब्दांची रांग लावायची. ‘अन्न’ लिहिले की खाली फळे, भाज्या, धान्ये. आंबा इकडे, भेंडी तिकडे, ज्वारी पलीकडे. अमेरिकेतून आलेल्या ‘थिंकिंग मॅप्स’ पद्धतीत आठ आकृत्या आहेत, त्यांतली ही ‘ट्री मॅप’. झाड उलटे, मूळ वर आणि पाने खाली. पण गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थही तसाच आहे, तेव्हा आपण त्यावर हरकत घेऊ नये.

आंबा, भेंडी, ज्वारी बसेपर्यंत वर्गात शांतता असते. मग कोणीतरी टोमॅटोचे नाव काढते.

या टोमॅटोने मोठमोठ्यांना दमवले आहे. अमेरिकेत १८८३च्या कायद्याने परदेशी भाज्यांवर जकात बसवली होती, ताज्या फळांना मात्र माफी होती. निक्स नावाचे व्यापारी म्हणाले, टोमॅटो हे फळ आहे, आमचे पैसे परत द्या. वनस्पतिशास्त्र त्यांच्याच बाजूचे होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९३मध्ये निकाल लागला: लोक टोमॅटो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नव्हे, म्हणून ती भाजी. वनस्पतिशास्त्र हरले, स्वयंपाकघर जिंकले.

आपल्याकडे असले खटले न्यायालयात जात नाहीत. आषाढीच्या आदल्या दिवशी ओट्यापाशीच निकाली निघतात. ‘उपवासाला चालते’ आणि ‘चालत नाही’ या दोन फांद्यांचे झाड मराठी घरात कोणी कागदावर काढत नाही, पण ते सगळ्यांना पाठ असते. गहू चालत नाही. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा, हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले, आणि चौघेही उपवासाच्या फांदीवर मांडी ठोकून बसलेले. भगर तर सरळसरळ तृणधान्य, पण एकादशीला तिला कोणी धान्य म्हणत नाही. कोथिंबिरीवर मात्र एकमत नाही. माहेरी चालते, सासरी चालत नाही, आणि ‘का?’ असे विचारले तर ‘आमच्यात नाही चालत’ हेच अंतिम उत्तर. यावर अपील नसते.

हा उद्योग फार जुना आहे. अमरसिंहाने अमरकोशात संस्कृत शब्दांची तीन कांडे केली आणि त्यांना वर्ग पाडले. स्वर्गापासून सुरुवात केली, मग तो भूमीवर उतरला. तिथेही आधी नगरे, डोंगर, वनस्पती, सिंहादी प्राणी, आणि त्यानंतर मनुष्य. शिवछत्रपतींच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी जोडलेला राज्यव्यवहारकोश तयार झाला. दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आणि सगळे शब्द दहा वर्गांत लावले. त्यात दुर्गवर्ग वेगळा आहे. ज्यांचे राज्य गडांवर उभे, त्यांच्या झाडाला गडांची फांदी फुटणारच. लंडनमध्ये डॉक्टर रॉजे यांनी १८५२मध्ये इंग्रजी शब्दांचे सहा मोठे विभाग पाडून कोश छापला. झाड देखणे झाले, पण वाचक सरळ मागच्या सूचीत जाऊन अक्षरानुक्रमे शब्द शोधतात.

ही सगळी झाडे शेजारी-शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. शब्द आपल्या जागा स्वतः ठरवत नाहीत, वर कोणता प्रश्न लिहिला आहे त्यावर त्या ठरतात. ‘बी कशात असते?’ असे विचारले तर टोमॅटो फळ. ‘जकात किती?’ असे विचारले तर भाजी. ‘आज एकादशी आहे का?’ असे विचारले तर भगर फराळाची होते आणि द्वादशीला पुन्हा धान्यात जाऊन बसते. शब्द वडासारखे असतात; एका फांदीवरून पारंबी सोडतात आणि भलत्याच ठिकाणी मूळ धरतात.

म्हणूनच झाड काढणारा शहाणा माणूस शेवटी एक फांदी मोकळी ठेवतो. अमरसिंहाच्या तिसऱ्या कांडात संकीर्णवर्ग आहे आणि अनेक अर्थांच्या शब्दांसाठी वेगळा नानार्थवर्गही आहे. इतक्या मोठ्या कोशकाराला ‘इतर’ची गरज पडली, तर चौथीतल्या मुलाला ती पडणे हा काही गुन्हा नव्हे. मला तर झाडाची सर्वांत प्रामाणिक फांदी हीच वाटते. बाकीच्या फांद्यांवर काढणाऱ्याला काय ठाऊक आहे ते दिसते; ‘इतर’वर जग त्याच्यापेक्षा किती मोठे आहे ते.

तेव्हा गुरुजनांना आणि पालकांना एवढीच विनंती. मुलाने टोमॅटो फळांत घातला, भाज्यांत घातला किंवा ‘इतर’मध्ये घातला, तरी लाल पेन उचलण्याआधी त्याला ‘का?’ एवढे विचारा. उत्तर पटले, तर पूर्ण गुण द्या. आणि ‘आमच्यात असंच असतं’ असे तो म्हणाला, तर गुण कापण्याआधी त्याच्या घरच्यांना भेटा.