आबांचं हिरवं कार्ड

निवृत्त मास्तर घरातल्या पोरांच्या वह्या तपासतो. निवृत्त कंडक्टर लग्नाच्या पंगतीतही 'पुढं सरका, पुढं सरका' करतो. ग्रामपंचायतीचा निवृत्त वॉलमन काय करतो हे पाहायचं असेल, तर कऱ्हाडकडच्या आमच्या गावात यावं आणि आबांच्या कोंबड्या बघाव्यात.

आबांनी उभी हयात गावाच्या टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकण्यात घातली. १००० लिटरला ५ ग्रॅम, हा त्यांचा गायत्री मंत्र. टाकी आता दुसऱ्याच्या ताब्यात गेली आणि आबांच्या हाती उरल्या परसातल्या अकरा कोंबड्या. पाच गिरिराज, पाच गावरान आणि एक तांबडी, जिची जात आबा 'मिश्र' अशी रजिस्टरात नोंदवल्यासारखी सांगतात. एवढ्या लोकसंख्येला पाणीपुरवठा योजना हवीच. ती आबांनी राबवली.

योजनेचं मुख्य केंद्र म्हणजे लाल बुडाचा पांढरा प्लास्टिकचा ड्रिंकर. तो विटांवर ठेवलेला असतो, आणि पिल्लं वाढतील तशी वीट वाढते. "भांड्याची कड कोंबडीच्या पाठीबरोबर आली पायजे," आबा सांगतात. "भुईवर ठिवलं की ही बया त्याच्याकडं पाठ करणार, उकिरडा उकरणार, आन् सगळा फुफाटा पाण्यात. वर त्यातच घाण करणार. मग हगवण लागली की म्हणायचं, दृष्ट लागली." ड्रिंकर कडुनिंबाच्या सावलीत असतो. ऊन सरकलं की ड्रिंकर सरकतो. पाणी तापलं तर कोंबडी चोच लावत नाही, असा आबांचा अनुभव आहे, आणि तो खरा आहे. तिला घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकते तेवढाच तिचा पंखा, आणि त्या धापांत अंगातलं पाणी उडून जातं.

सकाळची तपासणी पाहण्यासारखी असते. आबा ड्रिंकर उलटा करतात, कालचं पाणी आळूला घालतात आणि बुडाच्या खाचेतून तर्जनी फिरवतात. मग ते बोट अंगठ्यावर घासतात. बुळबुळीत लागलं की संपलं. "हे बघ, शेवाळ नुसतं दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. आधी बोटाला कळतं." मग काथ्या, राख, आणि तीन पाण्यांची धुणी. आक्का स्वयंपाकघरातून म्हणतात, "घरातला माठ कधी असा घासलाय का?" आबांना त्या वेळी नेमकं कमी ऐकू येतं.

यानंतर कोंबड्या पाणी पितात, ते आबा उकिडवे बसून बघतात. कोंबडीला आपल्यासारखं पाणी ओढून घेता येत नाही. चोच बुडवायची, मान वर करायची, घशातून घोट खाली सोडायचा. तांबडी प्रत्येक घोटाला मान वर करून डोळे अर्धे मिटते. आबांच्या मते ती आभार मानते.

अंड्याचं अर्थशास्त्र त्यांना तोंडपाठ आहे. टरफल सोडलं तर अंड्यात पाऊण हिस्सा पाणी. एक कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, वैशाखात दुप्पट. "म्हंजे अकरा जणींना एरवी पावणेतीन लिटर, उन्हाळ्यात साडेपाच. दरडोई मानक," असं म्हणून ते थांबतात. ऐकणाऱ्यानं लिहून घ्यावं, अशी अपेक्षा असते.

आबांचा खरा जाच शेजाऱ्यांना आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर गावच्या पाण्याच्या ठिकाणांची तपासणी होते. धोका जास्त असेल तर लाल कार्ड, मध्यम असेल तर पिवळं, पाणी सुरक्षित असेल तर हिरवं. तो नियम आबांनी परसापर्यंत आणला. शेजारच्या वहिनी फुटक्या परळात कोंबड्यांना पाणी ठेवतात. एका सकाळी त्या परळाला लाल पुठ्ठा दोऱ्यानं बांधलेला. वहिनींना वाटलं, करणी. अर्धा दिवस कोणी परळाला हात लावेना. शेवटी नातवानं पुठ्ठा उलटला, तर मागं आबांच्या अक्षरात शेरा : 'तळाशी गाळ. पिल्लू बुडण्याचा धोका. परळात गोटे टाकावेत.' वहिनींनी आधी आबांना यथेच्छ शिव्या घातल्या आणि मग गोटे टाकले. आता त्या पिवळ्यावर आहेत.

या सगळ्या कारभाराला सुरुंग लावतात त्या खुद्द कोंबड्या. आबांचं पाणी विटांवर, सावलीत, प्रमाणात क्लोरीन घातलेलं तयार असतं, आणि सगळ्या जणी मोरीच्या तोंडाशी उभ्या राहून आक्कांनी भांडी विसळलेलं पाणी चवीनं पितात. आबांनी मोरीला जाळी लावली. कोंबड्यांनी शेजारच्या म्हशीच्या खुराच्या खड्ड्यातलं पाणी शोधलं. "गावाचंही असंच हुतं," आबा एवढंच म्हणाले. "नळ दिला तरी लोक वढ्यावर."

पण आबांना हादरवलं ते लशीनं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की परसंच्या परसं रिकामी होतात, हे गावाला ठाऊक आहे. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यातला तरुण लासोटाची लस घेऊन आला. ही लस पिण्याच्या पाण्यातून देता येते. आबा खूश. पाणी म्हणजे त्यांचंच खातं. त्यांनी लगबगीनं आपली बादली पुढं केली.

"आबा, हे नको. विहिरीचं साधं द्या. क्लोरीन असलं तर लस मरते."

आबांचा चेहरा पाहवेना. साऱ्या नोकरीत क्लोरीन का टाकलं नाही म्हणून बोलणी बसली. टाकलं म्हणून पहिल्यांदाच बसत होती. "लेखी द्या," आबा म्हणाले. पोरगं शहाणं होतं. त्यानं औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं : टीसीएल बंद, कोंबड्यांना तास-दोन तास तहानेलं ठेवायचं, गार पाण्यात साय काढलेल्या दुधाची पावडर घालायची, मग लस, आणि दोन तासांत पाणी संपवायचं. चिठ्ठीवर तारीख आबांनी घालून घेतली.

आबांनी कपाटातून ओटी टेस्टची जुनी पेटी काढली. विहिरीचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. ते पिवळं व्हावं म्हणून आबांनी जन्मभर देव पाण्यात ठेवलेले. त्या दिवशी नळी उजेडाकडं धरून ते बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पिवळं न्हाई. बरं झालं." वाक्याचा दुसरा भाग काढताना त्यांना किती कष्ट पडले, ते शेजारी उभ्या असलेल्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा १००० लिटरला ५ ग्रॅम.

हसायला आम्हीही हसतो. पण कोंबडी एक दिवस तहानेली राहिली तरी अंडी पुढं कितीतरी दिवस मंदावतात, हे मे महिन्यात गावाला कळतं. आमची परळं दुपारी कोरडी पडतात आणि टोपल्याही. त्या दिवसांत अंडी हवी असतील तर आबांकडं जा. भाव गावापेक्षा दोन रुपये जास्त आहे. घासाघीस करू नका. त्यात पाणीपट्टी धरलेली आहे.