मुळापासून, खात्रीने

माझ्या दोन्ही कोपरांवर रुपयाएवढे चट्टे आहेत. लालसर, वर चंदेरी पापुद्रे. नाव सोरायसिस, मुक्काम चौदा वर्षं. एवढ्या काळात त्वचारोगतज्ज्ञ दोनच भेटले. बाकीचे वैद्य लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये.

"वांगं बंद कर." "रक्त अशुद्ध आहे, कडुलिंबाचा रस घे." "अंगातली उष्णता आहे, बाहेर पडू दे." चौदा वर्षं पडतेय. एव्हाना माझी कुल्फी व्हायला हवी होती.

रक्ताचा यात दोष नाही. जंतूंशी लढायला शरीराने जी फौज पाळलीय, ती शत्रू नसतानाही बिगुल वाजवते आणि कातडी घाईला येते. एरवी तळातली पेशी वर येऊन गळून पडायला महिनाभर लागतो. आमच्याकडे तेच काम तीन-चार दिवसांत उरकतं. माल येतो भराभर, उचल होत नाही. मग काळ्या शर्टाच्या खांद्यावर रांगोळी.

परवा सलूनमधल्या पोराने डोक्यावरून कंगवा फिरवला, थबकला आणि विचारलं, "काका, हे लागत तर नाही ना?" नाही रे बाबा. कंगव्याने नाही, टॉवेलने नाही, एका ताटात जेवलास तरी नाही. पोरगं पुन्हा कामाला लागलं. त्याने निदान विचारलं तरी. आमचे शेजारी न विचारताच लिफ्टचा कोपरा धरतात. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रांनी १८४१ मध्ये सोरायसिस कुष्ठरोगापासून वेगळा काढला. बातमी तिसऱ्या मजल्यापर्यंत अजून पोचायचीय.

आणि हायवेवरचे ते तंबू! 'सोरायसिस मुळापासून, खात्रीने.' मूळ उपटायचं तर निम्मं जनुकांत आहे. माझं बहुधा आजोबांकडून आलं. ते गेले १९९१ मध्ये. तरी मी पुडी घेतली. आठ दिवसांत कोपरं लख्ख! पुडी संपली आणि चट्टे दुप्पट होऊन पाठीवर उतरले. डॉक्टरांनी ऐकून कपाळाला हात लावला. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड निघतं आणि ते एकदम थांबलं की आजार उसळतो, म्हणाले.

आता मलम आहे, थंडीत खोबरेल आहे, गरज पडली तर प्रकाशकिरणं, गोळ्या, इंजेक्शनं आहेत. आजार जात नाही, आटोक्यात राहतो. बीपीवाल्याला कोणी 'मुळापासून' विचारत नाही, मग मलाच का?

एक मात्र थट्टेचं नाही. चट्टे असतील आणि सकाळी बोटं आखडत असतील, किंवा नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसत असतील, तर आजार सांध्यांत उतरत असू शकतो. वाकडा झालेला सांधा मलमाने सरळ होत नाही. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवून या. वांगं खाऊन गेलात तरी चालेल.