बावन्न एक्सची कमाल

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटरचा एकेक भाग आणून घरी जोडायचे दिवस होते, तेव्हा माणसाची पत ‘किती एक्स?’ या प्रश्नावर ठरे. शेजाऱ्याकडे ५२ एक्सचा सीडी ड्राइव्ह आला की आपल्या ४० एक्सवाल्याचा चेहरा पडायचा. घरात सीडी दोनच, एक लग्नाची आणि एक आरत्यांची. त्यातली लग्नाची व्हीसीडी कितीही एक्सच्या ड्राइव्हमध्ये घाला, पडद्यावर चालणार १ एक्सनेच. मंगलाष्टकं बावन्नपट वेगाने उरकायची सोय विज्ञानाने केलेली नाही. काही भटजींनी केली आहे, ते सोडा.

१ एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. त्याला ५२ ने गुणलं की ७.८ मेगाबाइट होतात, म्हणजे ७४ मिनिटांची भरगच्च सीडी दीड मिनिटात वाचून मोकळी! खोक्यावर ५२ चा आकडा ठसठशीत आणि शेजारी, भिंगातून दिसेल असा, ‘मॅक्स’. सगळी मेख तिथे. सुरुवातीचे ड्राइव्ह चकती आतल्या बाजूला जोरात आणि बाहेरच्या बाजूला सावकाश फिरवत, त्यामुळे वाचायचा वेग सगळीकडे सारखा राही. एक्स वाढले तसं मोटारीला सारखं पळवणं-थांबवणं जमेना, म्हणून चकती एकाच गतीने गरगरू लागली. आता ५२ हा वेग फक्त अगदी बाहेरच्या कडेवर. सीडी भरायला सुरुवात होते आतून, आणि तिथे जेमतेम २२. अर्धी भरलेली सीडी ५२ चं तोंडही पाहत नाही.

आपल्या सरकारी खात्यांना हे तंत्र शिकवायला कुणी इंजिनिअर लागला नाही. एप्रिलमध्ये निधीची फाइल आतल्या कडेवर डुलक्या घेते, दिवाळीत कूस बदलते आणि ३१ मार्चच्या रात्री अशी फिरते की शिक्का मारणाऱ्याचा हात दिसत नाही. कार्यक्षमता विचारलीत तर ३१ मार्चची सांगतात. खोटं कोण म्हणेल? मॅक्स आहे.

या वेगाची किंमतही होती. मिनिटाला सुमारे १० हजार फेरे, म्हणजे चकतीचा काठ ताशी २०० किलोमीटरच्या वर. मधल्या भोकापाशी तडा गेलेली सीडी आत घातली तर तिचा चुरा व्हायचा, कधीकधी ड्राइव्हसकट. ओरखडा असला तर ड्राइव्ह गुपचूप वेग उतरवून तोच भाग पुन्हा पुन्हा वाचे. यावर आपला रामबाण उपाय म्हणजे सीडी काढा, फुंकर मारा, शर्टाच्या टोकाने गोल गोल पुसा. नेमकं तेच करायचं नव्हतं. ओरखडा माहितीच्या ओळीबरोबर गोल गेला की दुरुस्तीची यंत्रणाही हात टेकते. पुसायचं मधून कडेकडे, सरळ.

एका कंपनीला मात्र प्रामाणिकपणा सुचला. जपानच्या केनवूडने लेसरचा एक किरण सात ठिकाणी फोडून सात ओळी एकदम वाचणारा ‘ट्रूएक्स’ ड्राइव्ह काढला, पुढे थेट ७२ एक्सपर्यंत. चकती सावकाश फिरे, आवाज कमी. बाजारात टिकला नाही, हे सांगायला हवं का?

मग डीव्हीडी आली. तिचा १ एक्स सीडीच्या नऊपट, पण खोक्यावर १६ एक्स वाचून गिऱ्हाईक म्हणालं, “बावन्नवरून सोळावर? मग आमचा जुनाच बरा.”

आता लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. बाहेरून जोडायचा जो पातळ ड्राइव्ह मिळतो, तो बहुधा सीडीला २४ एक्स देतो, तोही मॅक्सच. तेव्हा कपाटातली लग्नाची सीडी या रविवारी काढा, तडा नाही ना बघा आणि हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. ३१ मार्चची वाट पाहू नका.