सांगा, बोटं किती?

भाऊंचा वाढदिवस जवळ आला की आमच्या तालुक्यात लोकांचे डोळे बिघडतात. एरवी ते नीट असतात असं नाही, पण एरवी त्यांची दखल घ्यायला फ्लेक्स नसतो. 'भव्य मोफत नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर' असा फ्लेक्स चौकात चढला म्हणजे समजावं, निवडणूक फार लांब नाही. फ्लेक्सची रचना ठरलेली असते. बहुतेक जागा भाऊंना, उरलेली भाऊंच्या वरच्या साहेबांना, त्यातून उरलेली त्या साहेबांच्या वरच्या साहेबांना. 'येताना आधार कार्ड व जुने रिपोर्ट सोबत आणावेत' ही ओळ तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. ज्याला ती रस्त्यावरून वाचता येते त्याला शिबिराची गरज नसते. ज्याला गरज असते तो कार्ड न घेता येतो आणि तसाच परत जातो. गर्दी आपोआप आटोक्यात राहते.

तपासणीची पहिली पायरी भाऊंच्या कार्यकर्त्यांकडे असते. एक पोरगा लांब उभा राहून पंजा वर करतो.

"आजी, ही बोटं किती?"

"कुणाची?"

"माझी."

"तुझी पाचच असणार की रे बाळा. देवानं दुसरं काय दिलंय तुला?"

रजिस्टरात नोंद होते : दृष्टी उत्तम.

हसू नका. बोटं मोजण्याचं हेच शास्त्र दिल्लीलाही मान्य आहे. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे 1976 साली सुरू झाला. जगात इतर देश जागे व्हायच्या आधी आपण तो केंद्राच्या पैशानं सुरू केला, ही खरोखर अभिमानाची गोष्ट. तेव्हाचा ढोबळ हिशेब असा की चष्मा लावूनही सहा मीटरवरची बोटं मोजता आली नाहीत तर माणूस अंध धरायचा. 2017 साली हे अंतर तीन मीटरवर आणलं गेलं. कारण रास्त होतं. जागतिक आरोग्य संघटनेचं माप तेच आहे आणि जुन्या मापामुळे आपला आकडा इतरांपेक्षा उगाच फुगलेला दिसायचा. सगळं मान्य. पण निव्वळ शस्त्रक्रिया म्हणून या बदलाकडे पाहा! भूल नाही, टाका नाही, ड्रॉप नाही, नातेवाइकाची सही नाही. कागदाच्या एका फटकाऱ्यानं लाखो माणसं अंधांच्या यादीतून बाहेर आली. चार मीटरवरून येतोय तो जावई की म्हैस, हे त्यांना आदल्या दिवशी कळत नव्हतं आणि दुसऱ्या दिवशीही कळलं नाही. पण आता ती अंध नव्हती.

2006-07 च्या पाहणीत देशात शंभरात एक माणूस अंध होता. 2015 ते 2019 च्या पाहणीत हे प्रमाण 0.36 टक्क्यांवर आलं. यात खऱ्याखुऱ्या शस्त्रक्रियांचा वाटा मोठा आहे, हे सांगितलं नाही तर सरकारी दवाखान्यात दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्यांवर अन्याय होईल. खुपऱ्यांचा रोगही आपण इतका रेटला की 2024 साली जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्याला तसं लिहून दिलं. आणि ज्या 1976 मध्ये सरकारी कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी नावाच्या, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या 58 वर्षांच्या गृहस्थानं अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. ज्याला परवडतं त्यानं पैसे द्यावेत, त्यातून बाकीच्यांचं फुकट व्हावं, असा त्यांचा सरळ हिशेब. पुढे डोळ्यात बसवायची लेन्स परदेशातून आणणं महाग पडतं म्हणून त्यांनी ती मदुराईतच बनवायला घेतली. संधिवातानं या माणसाची बोटं तरुणपणीच वाकडी झाली होती. त्याच बोटांनी त्यांनी हजारोंचे मोतीबिंदू काढले. मोजायचीच तर ती बोटं मोजावीत, पण ती कुठल्याच फ्लेक्सवर नाहीत.

आता एक कोडं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरावलेल्या हाताला पाव तासात होते, सरकारी दवाखान्यात फुकट होते, संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी माणूस घरी येतो. तरीही 2015 ते 2019 च्या त्याच पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांपैकी 66 टक्क्यांच्या अंधत्वाला कारण मोतीबिंदूच होता. मग ही माणसं अडतात कुठं?

बहुतेक स्वतःच्या उंबऱ्यात. "अजून पिकला नाही, पिकू द्या," हा सल्ला पूर्वीच्या पद्धतीत खपून जायचा. आता तसं थांबावं लागत नाही, उलट थांबलं तर भिंग कठीण होत जातं, फुगतं, डोळ्यातला दाब चढवतं आणि मग ठणकत्या डोळ्याची नजर कायमची जाऊ शकते. पण घराघरात आंब्याच्या अढीचा नियम डोळ्याला लावलेला असतो. त्यातही आजोबांचा लवकर पिकतो, कारण त्यांना पेपर वाचायचा असतो आणि कट्ट्यावर पत्ते ओळखायचे असतात. आजीचा पिकता पिकत नाही. आधी सोयाबीन निघायचं असतं, मग धाकटीचं लग्न, मग कारखान्याची तोड, मग "तिच्या सोबत कोण जाणार?" आणि शेवटी खुद्द आजीच म्हणते, "मला आता काय बघायचंय?" घर हे वाक्य लगेच मान्य करतं. एरवी आजीचं कुठलंच म्हणणं इतक्या तत्परतेनं मान्य झालेलं नसतं. तीच आजी मात्र रोज तांदूळ निवडते, दिवा लावते, नातवाला शेकते. भातात खडा लागला की घरातले डोळस लोक म्हणतात, "आजीला काही दिसतच नाही हल्ली."

नीट दिसलं तर हाताचं काम किती वाढतं, याची आसामच्या चहामळ्यात रीतसर परीक्षा झाली आहे. तिथल्या चाळिशीपुढच्या मजुरांना, त्यांत बायाच जास्त, जवळचं दिसण्याचा साधा चष्मा दिला, तर त्यांची पानं खुडण्याची गती चष्मा न मिळालेल्यांपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त वाढली. हे 2018 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आलं. मळ्याच्या मालकाला जे नफ्याच्या भाषेत कळलं, ते आमच्या घरांना मायेच्या भाषेत कळायला अजून वेळ आहे.

भाऊंची आणखी एक अडचण समजून घेतली पाहिजे. त्यांना मोतीबिंदू आवडतो. काळा चष्मा लावलेल्या चाळीस म्हाताऱ्या ओळीनं बसवल्या की फोटो झकास येतो. काचबिंदूचं तसं नाही. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात जातो, आणि गेलेली नजर कुठलाच सर्जन परत आणून देत नाही. जी आहे ती राखायची, त्यासाठी चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि आतली नस तपासून घ्यायची, घरात आईबापाला किंवा भावाला असेल तर आणखी लवकर, आणि सापडलाच तर आयुष्यभर थेंब घालायचे. यात उद्घाटनाला जागाच कुठे आहे? 'भाऊंच्या प्रयत्नांमुळे शंभर जणांची नजर आहे तशीच राहिली' असा फ्लेक्स कुणी लावेल का? शुगरवाल्यांचंही तेच. पाय बधिर झाला की ते डॉक्टर गाठतात, पण बाहुली मोठी करून पडदा वर्षातून एकदा पाहून घ्या म्हटलं तर सांगतात, "मला तर स्वच्छ दिसतंय." पडद्यातल्या शिरा पाझरायला लागल्या तरी बराच काळ स्वच्छच दिसतं, हीच तर त्यातली मेख.

पूर्वी शाळेच्या वर्गात बाकं हलवून डोळ्यांच्या शस्त्रक्रिया व्हायच्या. आता नियमानं त्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच करायच्या, शिबिरात फक्त निवड. नियम कशासाठी, हे मराठी साहित्यिकांना तरी ठाऊक असावं. नोव्हेंबर 2014 मध्ये पंजाबातल्या घुमान गावी एका संस्थेच्या शिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या डझनावारी गरिबांची नजर गेली. एप्रिल 2015 मध्ये त्याच घुमानला आपलं साहित्य संमेलन झालं. नामदेवांच्या नावानं रेल्वे भरभरून मंडळी गेली. संतांच्या दिव्यदृष्टीबद्दल ऐकायला मिळालं असेलच.

असो. यंदाचं शिबिर यशस्वी झालं. दोनशे सत्कार, तेवढेच नारळ, आणि रुग्णालयात नेणाऱ्या गाडीची तारीख लवकरच कळवली जाईल. एक गडबड तेवढी झाली. दीपप्रज्वलन भाऊंच्या मातोश्रींच्या हस्ते होतं. मातोश्रींनी पेटती मेणबत्ती घेतली आणि वातीच्या वीतभर डावीकडे, हवेत धरून ठेवली. फोटोग्राफर म्हणाला, "मातोश्री, जरा उजवीकडे." त्या उजवीकडे झाल्या, तर मेणबत्ती पाहुण्यांच्या उपरण्यापाशी गेली. शेवटी भाऊंनी मनगट धरून समई पेटवली, टाळ्या झाल्या, आणि मांडवात बसलेल्या डॉक्टरीणबाई काही बोलायला उठल्या तेवढ्यात प्रास्ताविक सुरू झालं.

परवा आढावा बैठकीत या प्रकाराची गंभीर दखल घेतली गेली. पुढच्या वर्षी समई मोठी आणायची, असं एकमतानं ठरलं आहे.